पाष्टेमामांचा पांढरा खिसा

पाष्टेमामांच्या पँटचा उजवा खिसा कायम पांढरा असायचा. मैदानावर रेघा मारायला जी पांढरी भुकटी वापरतात, तिला फक्की म्हणतात. ती त्या खिशात मूठभर तरी असायचीच. कुठे रेघ पुसलेली दिसली की चालता चालता हात खिशात जायचा, चिमटीतून फक्की सुटायची आणि रेघ पुन्हा जागेवर यायची. मामी वैतागून म्हणायच्या, "ह्यांची पँट धुवायची म्हणजे आधी झाडायची, मग आपटायची, मग परत झाडायची." त्याच खिशात रुमालही असे आणि घाम पुसला की गालावर एक पट्टा उमटत असे. पहिल्यांदा त्यांना पाहिलं तेव्हा हा माणूस भिंती रंगवत असणार, असंच मला वाटलं होतं.

मामांना जाऊन आता आठ महिने झाले. त्यांच्यावर काही लिहायचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. का नाही, तेही पुढे येईलच. खरं तर तेवढ्यासाठीच लिहितोय.

गणपत पाष्टे हे त्यांचं नाव. गाव संगमेश्वराकडचं. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, त्यातल्या एका गाळ्यात ते तीस वर्षं पॉलिशवर होते. केबिन रोडच्या मागच्या चाळीत एक खोली. मूलबाळ नाही. संध्याकाळी गाळा सुटला की तोंड धुऊन थेट मैदानात. कितीही धुतलं तरी नाकपुड्यांच्या कडा काळ्याच राहायच्या, आणि तासाभरात त्यांच्या वर फक्की बसायची. पोरं म्हणायची, मामा दिवसा काळे आणि संध्याकाळी गोरे. मामांना ते ऐकू यायचं. ते फक्त एवढंच म्हणायचे, "बसा नीट. गुडघा वर उचललाय कुणी?"

मैदान म्हणजे आमच्या सोसायटीच्या मागचा, खेळासाठी राखून ठेवलेला मातीचा तुकडा. तीन बाजूंना इमारती, चौथीला रस्ता. तो राखून ठेवलाय हे कागदाला ठाऊक होतं, बाकी कुणाला नव्हतं. पाण्याचे टँकर तिथे उभे राहायचे, घरं फोडून काम करणारे डेब्रिज आणून टाकायचे, लग्नाचे आणि नवरात्राचे मांडव पडायचे. मांडव उठला की बांबूंचे खड्डे आणि खिळे मागे राहायचे. मामा खड्डे बुजवायचे. खिळ्यांसाठी त्यांनी एक युक्ती काढली होती. भंगारातल्या कर्ण्याचा लोहचुंबक त्यांनी सुतळीला बांधला होता आणि तो मातीवरून ओढत ते मैदानभर फिरायचे. कुत्र्याला फिरवावं तसं. लोक हसायचे, मीही हसलोय. फेरी संपली की लोहचुंबकाला खिळ्यांची दाढी आलेली असायची. ती ते एका डब्यात झाडून ठेवायचे.

मग खराटा. मग पाणी. मग सुतळी धरून रेघा. आणि शेवटी खो-खोचे दोन खांब. हे खांब मामा रोज घरून खांद्यावर आणायचे आणि रोज घरी न्यायचे, कारण एकदा रोवलेले सोडून गेले तर सकाळी कुणीतरी जळणाला नेले होते. रात्री ते खांब त्यांच्या खाटेखाली झोपायचे. मामी म्हणायच्या, माझ्या सवती आहेत दोन.

"रोज एवढं कशाला करता मामा?" मी एकदा विचारलं.

"मातीला रोज हात लावायचा वो," मामा म्हणाले. "एक दिस न्हाय लावला तरी कुणीतरी दुसरा लावतोच."

आम्ही गिरगावातून इथे आलो तेव्हा माझी मुलगी सायली दहा वर्षांची होती. तिकडे चाळीत तिला पन्नास घरं ठाऊक होती. इथे सातव्या मजल्यावर समोरच्या दारामागे कोण राहतं हे आम्हाला वर्षभर कळलं नव्हतं. पोरगी मुळात जाड, त्यात लाजरी. शाळेतून आली की खोलीत. तिची आई म्हणाली, निदान मागे मैदानावर तरी घेऊन जा. मी नेलं. ती माझ्या पाठीमागे लपून उभी राहिली.

"ही पळणार नाही," मी मामांना सांगून टाकलं. आपल्या पोरीबद्दल असं तिच्यासमोर बोलू नये, एवढीही अक्कल मला तेव्हा नव्हती.

मामांनी तिच्याकडे पाहिलं. "बसता येतं का गं?"

सायलीने मान हलवली.

"मंग झालं की. खो-खोत आठ जण बसतात आनि एकटा पळतो. मला पळणारे मायंदाळ हायत. बसणारा गावत न्हाय."

त्यांनी तिला मधल्या पाटीतल्या एका चौकोनात उकिडवं बसवलं, पंजे मातीला टेकवून. नवीन मुलाने पहिले आठ दिवस नुसतं बसायचं, हा मामांचा नियम होता. आणि दुसरा नियम हजेरीचा. मामा कुणाचं नाव घेऊन हजेरी घेत नसत. प्रत्येकाने आपल्या शेजारी बसलेल्याचं नाव आणि घर सांगायचं. "शेजारी कोण?" असं ते ओरडायचे आणि रांगेतून उत्तरं यायची. "इम्रान, मच्छी मार्केटच्या मागे." "हेतल, बी विंग, चार नंबर." "पूनम यादव, भाजीवाल्यांची." शेजारचं नाव येत नसेल तर त्या दिवशी खेळायचं नाही. आणि शेजारचा आलेलाच नसेल तर उठून त्याच्या घरी जायचं, तो का आला नाही ते विचारून यायचं, तोवर खेळ थांबलेला. गुजराती, मारवाडी, भय्यांची, नेपाळी वॉचमनची, आपली, सगळी पोरं त्या हजेरीत होती. एकमेकांच्या घरी तापात कोण पडलंय, कुणाचा बाप गावी गेलाय, हे त्यांना ठाऊक असायचं. आम्हा मोठ्यांना लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघायची चोरी.

नवव्या दिवशी सायलीच्या पाठीवर पहिला हात पडला. ती उठली नाही. मामांनी खेळ थांबवला आणि हात पाडणाऱ्या पोराला सांगितलं, "तिची चूक न्हाय. तू खो म्हणलास का? नुसता हात लावून कुणी उठत नसतं रे. हात आनि आवाज एकदमच पडाय पायजे. आवाज न्हाय आला तर फाऊल." मग पुन्हा हात पडला, पोरगं बेंबीच्या देठापासून "खो" म्हणून ओरडलं, आणि माझी न पळणारी मुलगी उठून पळाली. गॅलरीत उभी राहून तिची आई रडत होती. मी रडलो नाही, पण त्या दिवशी ऑफिसातून आणलेलं काम मी उघडलं नाही.

हात आणि आवाज एकदम. मामांनी हे हजार वेळा तरी सांगितलं असेल. मी ते ऐकायचो आणि मला वाटायचं, हे पोरांसाठी आहे.

पूनम यादवचं थोडं सांगायला हवं. तिचे वडील हातगाडीवर भाजी विकायचे. पूनम पळायची म्हणजे नुसती पळायची नाही, ती खांबाला वळसा घालताना जमिनीला जवळजवळ समांतर व्हायची. मामा तिच्याकडे बघताना तोंड उघडं ठेवायचे. ती चौदाची झाली आणि वडिलांनी तिला घरी बसवलं. हजेरीत शेजारच्या पोरीने सांगितलं, "पूनम, भाजीवाल्यांची, नाही आली, पप्पांनी बंद केलं." मामा उठले आणि तडक गाडीवर गेले. मीही मागे गेलो, कारण मामांचं हिंदी मी ऐकलं होतं आणि भांडण होईल अशी मला खात्री होती.

"भैया," मामा म्हणाले, "तुम्हारा पोरगी नहीं आया. हमको आठ लोग बसने को लगता है. सात है. तुम चलो."

"हम?"

"तुम. पोरगी नहीं तो उसका बाप. नियम है."

असा काही नियम नव्हता. पण यादव बिचारा गोंधळला, गाडी शेजारच्या केळीवाल्याला सांगून आला आणि लुंगी आवरून इम्रान आणि हेतलच्या मधे उकिडवा बसला. मामांनी त्याला हजेरी विचारली. "शेजारी कोण?" त्याला सांगता येईना, तर हेतल त्याच्या कानात सांगायला लागली. दोन मिनिटांत त्याच्या पाठीवर खो पडला. यादव उठला, धावला, लुंगीत पाय अडकून आपटला, आणि मातीत पडल्या पडल्या असा हसायला लागला की त्याला कुणी उठवेना. गावी लहानपणी तो कुठला तरी असाच खेळ खेळायचा म्हणे. दुसऱ्या दिवशी पूनम आली. तिच्यामागे अर्धा किलो काकड्याही आल्या. त्यानंतर मामांनी त्या माणसाला तीन-चार वेळा बसवलं. तो नाही म्हणायचा आणि यायचा.

पूनमची जिल्ह्याच्या संघासाठी निवड चाचणी होती, त्याच्या चार दिवस आधी तिचा पाय कापला. टँकरवाल्याने फोडलेल्या बाटलीची काच मातीत रुतून बसली होती. टाचेला सहा टाके. खो-खो अनवाणी खेळतात. मामांनी त्या संध्याकाळी लोहचुंबक फिरवला होता, नेहमीसारखा. तो मातीत टाकून ते कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले.

"खिळा असता तर मला गावला असता," ते म्हणाले. "काच ह्याला दिसत न्हाय."

दोन दिवसांनी ते आमच्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सोफ्यावर टेकले नाहीत, पँटची फक्की लागेल म्हणून. स्टुलावर बसले.

"देसाईसाहेब, तुमी हापिसात लिवायचं काम करता. मला एक अर्ज लिवून द्या. मैदानाला भिंत पायजे आनि गेट पायजे. गाड्या आत येता कामा न्हायत."

मी विम्याच्या कंपनीत पत्रव्यवहार बघतो. माझ्या मसुद्यांचं ऑफिसात कौतुक होतं आणि ते मला आवडतं. मी बसलो आणि फक्कड अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय. भिंत, फाटक, वाहनांना मज्जाव. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण अर्ज पानाच्या मध्यावरच संपत होता आणि मला तो उघडा उघडा वाटला. शिवाय मामा साठीला आले होते, खोकल्याने वाकायचे, रोज खराटा किती दिवस मारणार, असंही मनात आलं. मी एक वाक्य वाढवलं: "तसेच सदर मैदानाच्या कायमस्वरूपी देखभालीसाठी ते एखाद्या सक्षम संस्थेकडे सोपविण्यात यावे, ही नम्र विनंती." लिहून झाल्यावर मामांना वाचून दाखवलं.

"सक्षम संस्था म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे तुमच्यासारखी. तुमचं मंडळ आहेच की."

मामांचं मंडळ म्हणजे आठ बसलेली पोरं. त्याची नोंदणी नव्हती, शिक्का नव्हता, कागद नव्हता. ते मला माहीत होतं. पण वाक्य चांगलं जमलं होतं. मामांनी मान डोलावली आणि माझ्या पेनाने पहिली सही केली. मग पोरांनी घरोघर फिरून पाच पानं सह्या आणल्या. शेजारचा नियम तिथेही चालला; एका दाराने दुसऱ्या दाराचं नाव सांगायचं. अख्ख्या वस्तीने एकत्र केलेलं ते पहिलं आणि शेवटचं काम.

आणि गंमत बघा, अर्ज मंजूर झाला. सरकारदरबारी अर्ज पडून राहतात अशी आपण तक्रार करतो. हा पडून राहिला असता तर किती बरं झालं असतं.

भिंतीचं काम सुरू झालं तेव्हा मामांचा आनंद बघवत नव्हता. गवंड्यांना ते घरून चहा आणायचे. सिमेंटच्या कामाला पाणी मारावं लागतं, नाहीतर तडे जातात. कंत्राटदाराची माणसं कंटाळा करायची. मामा सकाळी गाळ्यावर जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर स्वतः बादली घेऊन भिंतीवर पाणी मारायचे. एकवीस दिवस. पोरांना ओळीने उभं करून बादल्या हातोहात द्यायला लावायचे. "पक्की झाली पायजे," म्हणायचे. "टँकरनं धडक दिली तरी हलता कामा न्हाय." झाली पक्की. अजून तिला एक चीर नाही.

उद्घाटनाला कुणीतरी पुढारी आले. नारळ फुटला. मामांना शाल मिळाली आणि त्यांच्याबरोबर फोटो निघाला. फोटोत मामांचा उजवा खिसा पांढरा दिसतो आहे. त्या दिवशी पोरं बंद फाटकाच्या आत पहिल्यांदा खेळली. एकही गाडी नाही, एकही कुत्रं नाही. मामा मधल्या पाटीच्या टोकाला उभे राहून नुसते बघत होते. हा आनंद अकरा दिवस टिकला.

बाराव्या दिवशी फाटकाला कुलूप होतं. आत माणसं हिरव्या गालिच्याच्या गुंडाळ्या उतरवत होती. वर जाळी लागली, चारी कोपऱ्यांत दिवे लागले, बाहेर खुर्ची टाकून गणवेशातला एक रखवालदार बसला. क्रिकेट आणि फुटबॉल, तासाच्या भाड्याने, मोबाइलवरून आधी जागा घ्यायची. भाडं असं की मीरा रोडच्या टॉवरमधली ऑफिसातली मुलं गाडीतून येऊन देतात. पूनमच्या घराने दिलं असतं तर त्यांच्याकडे आठवडाभर चूल पेटली नसती.

मामा खांद्यावर दोन खांब घेऊन फाटकाशी गेले. मी गॅलरीतून बघत होतो; काय बोलणं झालं ते पोरांनी नंतर सांगितलं.

"बुकिंग है क्या अंकल?"

"बुकिंग नहीं. खेळने का है. पोरं है."

"डंडा लेके अंदर अलाउड नहीं है. टर्फ फट जाएगा."

मामांना अंकल म्हटलेलं आवडत नसे. एरवी त्यांनी त्याला सुनावलं असतं. त्या दिवशी ते खांब खांद्यावर तसेच ठेवून पोरांकडे वळले आणि म्हणाले, "आज सुट्टी."

आम्ही पालिकेच्या कार्यालयात गेलो. मामांनी शाल नेली होती, पिशवीत घडी घालून. दाखवायला, की हीच माणसं हीच शाल देऊन गेली. पाच-सहा खेपा झाल्यावर साहेब भेटले. उद्धट नव्हते, उलट फार सभ्य होते. त्यांनी फाइल मागवली, आमचा अर्ज काढला आणि बोट ठेवून वाचला. "तसेच सदर मैदानाच्या कायमस्वरूपी देखभालीसाठी..." माझं वाक्य इतकं स्वच्छ वाचलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ते पुढे म्हणाले, "आता बघा, सक्षम संस्थेला द्या ही तुमचीच मागणी. आम्ही संस्था नेमली. खाली तुमच्याच सह्या आहेत. पहिली सही पाष्टे. हे कोण?"

"मीच," मामा म्हणाले.

"मग हे वाक्य तुम्हीच घातलंत ना? कुणी घातलं हे?"

मी मामांच्या उजव्या हाताला बसलो होतो. मला एवढंच म्हणायचं होतं की साहेब, ते वाक्य माझं. मामांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मंडळ नोंदलेलं नाही हे मला माहीत असताना मी ते लिहिलं. एवढं बोललो असतो तर कुलूप निघालं असतं का? बहुधा नाही. पण तो प्रश्नच नाही. माझी निवृत्ती तीन वर्षांवर होती, माझं नाव कुठल्या सरकारी कागदावर नको होतं, आणि माझ्यासारख्या शहाण्या माणसाने एवढी बावळट चूक केली हे कबूल करायची लाज वाटत होती. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत बसलो.

मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "मीच सांगितलं लिवायला. म्हातारा झालो वो साहेब. मला समजलं न्हाय."

खाली उतरल्यावर ते म्हणाले, "चला, चा घेऊ." मी बोलायला सुरुवात केली तर ते गावाकडच्या फणसाबद्दल बोलायला लागले. त्या वर्षी फणस फार लागले होते म्हणे.

घरी सायलीने विचारलं, "बाबा, सक्षम संस्था असं कोणी लिहिलं होतं अर्जात? मामांनी?" तेव्हा ती बारावीत होती. मी म्हणालो, मामांनी सांगितलं तसं लिहिलं. हेही इथेच लिहून ठेवतो, म्हणजे तिने वाचलं तर तिला कळेल.

त्यानंतर मामांनी जागा शोधली. खाडीकडे गेले, तिथे चिखल. सोसायटीच्या आवारात गेले, तिथे गाड्या. आमच्याच सोसायटीत दोन दिवस खेळ झाला आणि तिसऱ्या दिवशी कमिटीने नोटीस लावली की आवाज होतो. त्या कमिटीत मी होतो. मी विरोध केला, पण हळू आवाजात केला. आठाची सात पोरं झाली, मग पाच. मामा घरोघर बोलवायला जायचे, आपला जुना नियम धरून. पण नव्या टॉवरच्या गेटवर वॉचमन विचारायचा, किस के पास जाना है, फ्लॅट नंबर बोलो, मोबाइलपे परमिशन आएगी. मामांना पोरांची घरं माहीत होती, नंबर नव्हते. ते गेटवरून पोराच्या नावाने हाक मारायचे. तेराव्या मजल्यावर हाक जात नाही.

एका संध्याकाळी दोन पोरं आणि मामा, असे तिघे रस्त्याकडेला उभे होते. तिघांत खो-खो होत नाही. मामांनी हजेरी घेतली. "शेजारी कोण?" दोघांनी एकमेकांची नावं सांगितली. मग ते म्हणाले, "जावा घरी." खांब खाटेखाली गेले ते तिथेच राहिले. मामींनी पुढे त्यातला एक बाहेर काढून त्यावर कपडे वाळत घालायला सुरुवात केली.

पोरं वाया गेली असं मी म्हणणार नाही. ती नुसती पांगली. इम्रान आता रस्त्यात भेटला तर हेतलला ओळख दाखवत नाही. सायली दार लावून बसते. पूनमचा पाय बरा झाला, पण पळायला जागा नव्हती आणि पुढच्या वर्षी वय निघून गेलं. ती आता केबिन रोडवर कपड्यांच्या दुकानात आहे. मामा एकदा तिथे गेले. तिने त्यांना स्टूल दिलं. "तू पण बस की," मामा म्हणाले. तर ती हळूच म्हणाली, "मामा, इथे बसायला देत नाहीत. मालिक देखता है कॅमेऱ्यात." मामांनी हे मला सांगितलं. मग म्हणाले, "बारा तास उबी. बसायला एक नंबर होती ती."

गाळा बंद पडला, खोकला वाढला. मी त्यांना टाळत होतो, हे सांगायला नको. मागचा रस्ता सोडून मी लांबून घरी यायला लागलो होतो. पण एका संध्याकाळी रिक्षावाल्याने मला मागच्याच बाजूला सोडलं.

भिंतीच्या आतून आरडाओरड येत होती, चेंडू जाळीला आपटत होता. बाहेर फुटपाथवर, भिंतीला लागून, कुणीतरी उकिडवं बसलं होतं. पंजे फरशीला टेकलेले, मान ताठ, तोंड केबिन रोडकडे. मला वाटलं, चक्कर आली असेल. जवळ गेलो तर मामा. फार वाळले होते. डोळे उघडे होते आणि ते कुठेच बघत नव्हते.

मी वाकलो आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाखाली नुसती हाडं लागली. एवढे दिवस मनात घोकलेलं सगळं तोंडाशी आलं. त्या दिवशी साहेबांसमोर म्हणायला हवं होतं ते. ते वाक्य माझं होतं मामा, एवढंच. ते तिथेच अडकलं. मी नुसता हात ठेवून उभा राहिलो.

मामांनी मागे वळून पाहिलं नाही. हात कुणाचा ते त्यांना कळलं असावं.

"आवाज न्हाय आला," ते म्हणाले.

मी काही बोललो नाही. तेव्हाही नाही.

थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली. मग भिंतीचा आधार घेत स्वतःच उठले, मी हातही दिला नाही. ज्या भिंतीला त्यांनी एकवीस दिवस पाणी मारलं होतं तिच्यावर तळवा टेकत टेकत ते केबिन रोडच्या दिशेने निघाले. कोपऱ्यावरच्या दिव्याखाली एकदा त्यांचा हात सवयीने उजव्या खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला. खिसा स्वच्छ होता, धुतलेला.